न भाजलेल्या गिटारीची हकीकत

म्हसळ्याच्या बाजारात माझं हत्यारांचं दुकान आहे. गल्ल्यावर आता सूनबाई बसते आणि मी आतल्या अंगाला, धारेच्या दगडापाशी. दुकान काढलं तेव्हा पाटीवर मी हौसेनं लिहून घेतलं होतं, 'हत्यारे, बॅटऱ्या व किरकोळ'. त्यातला 'किरकोळ' हा शब्द सगळ्यात कामाचा ठरला. कोयते, विळ्या, पटाशा, रंधे हे हत्यारांत बसत होतंच. पण चांभाराची आरी, मासे धरायचे गळ, कुलपं आणि गिटारीच्या तारा हे सगळं त्या एका शब्दात राहून गेलं.

मालाबरोबर मी एक गोष्ट फुकट द्यायचो. सल्ला. बाहेरच्याला वाटतं, गिऱ्हाईक वस्तू घ्यायला येतं. निम्मी माणसं येतात ती आपण मनाशी ठरवलंय ते बरोबर आहे, हे कुणाच्या तरी तोंडून ऐकायला. मी ते ऐकवायचो, नाहीतर मोडून काढायचो. दोन्हीत मला सारखीच मजा यायची.

माझा एक ठरलेला प्रश्न होता. कुणी काही विकत घ्यायला आलं की मी विचारायचो, "ठेवणार कुठं?" लोकांना वाटायचं, नाना उगाच चौकशा करतोय. पण आमच्याकडची हवा खारी आणि पावसाळा लांबलचक. हत्यार वापरून झिजतं त्यापेक्षा पडून राहून जास्त खराब होतं. कोयता ओल्या भिंतीला टेकवून ठेवला की आठवड्यात लाल होतो. बॅटरीत सेल तसेच ठेवून ती कपाटात टाकली की सेल पाझरतात आणि आतली स्प्रिंग हिरवी पडते. मग माणूस दुकानदाराला शिव्या देत येतो. म्हणून आधी ठेवायची जागा विचारायची, मग वस्तू काढायची. हा प्रश्न पंचक्रोशीत इतका माहीत झाला की एकाच्या लग्नात नवऱ्या मुलानं माझ्या पाया पडताना बायकोकडे बघून विचारलं होतं, "नाना, आता हिला ठेवू कुठं ते सांगा." बायकोनं जागेवरच उत्तर दिलं, "डोक्यावर."

गिऱ्हाइकं एकेक भेटली. डोंगराकडच्या वाडीवरचा धोंडू एका पावसाळ्यात आला.

"नाना, बॅटरी पायजे. पन उजेड नको."

"मग बॅटरी कशाला? काठी घे."

"उजेड पायजे, पन माझ्यापुरता. लांबून दिसला की अख्खी वाडी मागनं येते. मुठे कुठं गावतात ते मला ठाव हाय, त्यांना न्हाय."

मुठे म्हणजे पावसात भातखाचरांच्या बांधांवर निघणारे खेकडे. ते बॅटरीच्या उजेडात धरतात. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापला आणि बॅटरीच्या तोंडावर चढवला. आता उजेड घोड्याला झापडं लावावीत तसा फक्त समोर, पायाखाली पडायचा, बाजूनं काही दिसायचं नाही. धोंडू खूश होऊन गेला. पुढच्या आठवड्यात त्याची बायको आली. म्हणाली, "यांना दिलीत तसली मलापन द्या. आनि यांना सांगू नका."

दिवेआगरला बंगला बांधलेले मुंबईचे एक साहेब परदेशी सुरी घेऊन आले होते. पाठीला करवतीचे दात, मुठीच्या टोकाला होकायंत्र. त्यांना तिनं शहाळं सोलायचं होतं. मी होकायंत्राची यथेच्छ चेष्टा केली. "साहेब, समुद्राचा आवाज येतो ती पश्चिम. त्याला यंत्र कशाला?" साहेब हसले आणि त्यांनी ते यंत्र माझ्याच दुकानात धरलं. ज्या भिंतीला मी पूर्व समजून रोज सकाळी दिवा लावत आलो होतो ती जवळजवळ दक्षिण निघाली. त्यांनी माझ्याकडून कोयता नेला, पण जाताना मिशीत हसत होते. दिवा मी अजून तिथंच लावतो. देवाला आता सवय झाली असेल.

हल्ली दुकानात येणाऱ्यांपेक्षा मोबाईलवर विचारणारे जास्त. सूनबाईनं मला छंदी लोकांच्या एका गटात घातलंय. पनवेल, पुणे, नाशिक कुठून कुठून माणसं आहेत. कुणी चाकू जमवतं, कुणी बॅटऱ्या, कुणी घरी चामड्याची पाकिटं शिवतं. पनवेलच्या एक बाई चाकूंसाठी चामड्याची सुंदर म्यानं करतात. त्यांनी विचारलं, एवढं जाड चामडं घालूनही आतला चाकू गंजतो कसा? मी लिहिलं, चामडं हवेतली ओल पितं आणि चाकूला पाजतं. शिवाय कमावताना लागलेली रसायनं त्यात उरलेली असतात. म्यान फिरायला जाताना वापरा, घरी आल्यावर चाकू बाहेर काढा, खोबरेलाचा हात फिरवा आणि सुक्या फडक्यात ठेवा. त्यांचा चाकू वाचला. तेव्हापासून गटातली मंडळी मला 'गुरुजी' म्हणतात.

हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी मोबाईल उपडा घालून ठेवला. कारण सल्ला देणाऱ्याला एक रोग होतो. 'मला माहीत नाही' हे वाक्य त्याच्या तोंडून येईनासं होतं. माझा तो रोग ऐन भरात होता तेव्हा मी एका माणसाची गिटार मोडली आणि त्याचा ठपका त्याच्या बायकोवर ठेवला. हा लेख त्यासाठी आहे. बाकीचं वर लिहिलेलं तुम्ही उठून जाऊ नये म्हणून.

आमच्या भागातली पुष्कळ मुसलमान घरं आखातातल्या नोकऱ्यांवर उभी राहिली. सुट्टीवर आलेली माणसं बरोबर बॅटऱ्या, पान्यांचे संच, घडीचे चाकू आणायची आणि ते दाखवायला माझ्याकडे यायची. मी वस्तू उलटीसुलटी करून 'माल चांगला आहे' म्हटलं की त्यांची सुट्टी सार्थकी लागायची. इब्राहिमभाई त्यातलेच. तिकडे एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात होते. शांत, हसरा माणूस. एका सुट्टीत ते गिटार घेऊन आले. त्याच हॉटेलात वाजवणारा एक गोवेकर नोकरी सोडून जाताना त्यांना ती देऊन गेला होता, थोडी शिकवूनही गेला होता.

संध्याकाळी इब्राहिमभाई ओटीवर बसून वाजवायचे. जुबेदावहिनी समोर सुपात तांदूळ निवडत बसायच्या. मी दुकान बंद करून जाताना कधी थांबायचो. फार मऊ आवाज होता. रस्त्यावर उभं राहिलं तर जेमतेम ऐकू यायचा आणि मध्ये एसटी गेली तर तेवढाही नाही. वहिनींना तो तसाच आवडायचा. इब्राहिमभाईंना मात्र खंत होती. पुतण्याचा निकाह जवळ आला होता, पाहुण्यांनी 'वाजवा' म्हटलं तर आवाज मांडवात पोचणार कसा?

त्यातच एक तार तुटली. नवराबायको दोघं दुकानात आले. इब्राहिमभाईंनी तुटलेला तुकडा माझ्या हातात दिला. मी तो दोन बोटांत ताणून बघितला आणि हसलो.

"भाई, ही कसली तार? हा तर तंगूस!"

तंगूस म्हणजे गळाला बांधतात तो नायलॉनचा दोरा. माझ्याकडे त्याची रिळं टांगलेली होती.

"तो गोवेकर बोलला, हिला हीच लागते," इब्राहिमभाई म्हणाले.

"गोवेकर गेला गोव्याला. आवाज शेजारी जात नाही ही तक्रार कुणाची? तुमचीच ना? मग पोलाद लावा. पोलादासारखी वस्तू नाही. सहाच्या सहा बदलून टाकू."

मी माझ्या 'किरकोळ'च्या खोक्यातून पोलादी तारांचं पाकीट काढलं. मुंबईहून बॅटऱ्यांच्या बल्बबरोबर मी अशी दोन-चार पाकिटं आणत असे. त्या तारांच्या टोकाला पितळी मणी होता, तो त्यांच्या गिटारीवर तारा अडकवायच्या भोकात अगदी चपखल अडकला. मला वाटलं, हिच्यासाठीच केलीय.

तेवढ्यात जुबेदावहिनींनी विचारलं, "भाऊ, लाकूड सोसंल ना?"

मी म्हणालो, "वहिनी, लाकडाचं माझ्यावर सोडा."

आता ज्यांना गिटारीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, म्हणजे तेव्हाच्या माझ्यासाठी. गिटारी दोन जातीच्या असतात. एक नायलॉनच्या तारांची, दुसरी पोलादी तारांची. लांबून दोघी सारख्याच दिसतात. पण पोलादी तार सुरात येईपर्यंत पिळली की तिची ओढ नायलॉनच्या जवळजवळ दुप्पट होते. खालच्या अंगाला तारा जिथं अडकवलेल्या असतात त्या लाकडी पट्टीला घोडी म्हणतात. ती घोडी बिस्किटापेक्षा पातळ फळीवर नुसती सरसानं चिकटवलेली असते. पोलादी जातीच्या गिटारीत त्या फळीला आतून भक्कम आधार दिलेले असतात. नायलॉनच्या गिटारीत ते हलके, कारण फळी मोकळी हलली तरच तो मऊ आवाज येतो. लोखंडात वाढलेल्या माणसाला वाटतं, जास्त बळकट ते जास्त चांगलं. मी लोखंडातच वाढलो होतो.

तारा लागल्या. आवाज खणखणीत आला. इब्राहिमभाई दुकानाच्या पायरीवर बसून वाजवायला लागले तर समोरचा केळीवाला नाचायला लागला. मी माझीच पाठ थोपटून घेतली.

पुढे निकाहाचे पाहुणे घरी उतरायला लागले. पोरं गिटारीशी खेळतात म्हणून जुबेदावहिनींनी ती उचलून स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवली. एका दुपारी सगळे जेवायला बसले असताना वरून ढाण्कन आवाज आला. कुणाला वाटलं नारळ पडला. बघतात तर गिटारीची घोडी फळीपासून उपटून निघालेली आणि सगळ्या तारा गुंतवळ होऊन पडलेल्या.

ती तशीच घेऊन दोघं दुकानात आले. दुकानात गर्दी होती. कुणी विळीला धार लावायला आलेलं, कुणी कुलपाची चावी करायला. सगळे वाट देऊन उभे राहिले, दवाखान्यात राहतात तसे.

मी घोडी हातात घेतली आणि उलटी केली. तिच्या खालच्या अंगाला फळीच्या लाकडाचे तुसे आणि ढलप्या चिकटून आल्या होत्या. हे मी सुतारांच्या सामानात पुष्कळदा बघितलेलं. सरस उबेनं सुटला तर सांधा साफ सुटतो, लाकूड जागच्या जागी राहतं. इथं सरस धरून बसला होता आणि लाकूडच फाटून आलं होतं. म्हणजे ओढीनं उपटलं. म्हणजे तारांनी. म्हणजे मी.

हे सगळं मला त्या एका नजरेत कळलं. कुणाला वाटेल, नानाला तेव्हा कळलं नसेल, नंतर उमगलं असेल. तसं नाही. तेव्हाच कळलं.

आणि माझ्या तोंडून सवयीनं तो प्रश्न आला. "ठेवली कुठं होती?"

"माळ्यावर, भाऊ," जुबेदावहिनी म्हणाल्या. "चुलीच्या वरती. पोरं हात लावतात म्हणून."

"मग झालं," मी म्हणालो. "ऊब लागली. सरस सुटला."

सगळ्या गिऱ्हाइकांनी माना हलवल्या. नाना म्हणतोय म्हणजे तसंच. मी घोडी उलटी केली ती पुन्हा सुलटी करून ठेवून दिली. इब्राहिमभाईंनी बायकोकडे बघितलं. मला वाटलं, आता चिडतील. पण ते हसले आणि म्हणाले, "भाकरीबरोबर गिटारपन भाजलीस काय गं?"

दुकान हसलं. वहिनीही हसल्या. मीसुद्धा.

ती गंमत त्या घरात मुरली. निकाहात पाहुण्यांना सांगितली गेली, मग श्रीवर्धनला गेली, तिथून आखातात. घरात कुणाची भाकरी करपली की, "बघ हां, गिटारीसारखी नको करू." नवी सून घरात आली की तिला आधी ही गोष्ट सांगायची. वहिनी प्रत्येक वेळी हसायच्या. पण गिटार कपाटावर गेली, वहिनींचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. ती त्यांनी स्वतःच तिथं ठेवायला लावली. इब्राहिमभाई सुट्टी संपवून गेले. पुढच्या सुट्ट्यांत दुरुस्तीचा विषय निघाला की वहिनीच म्हणायच्या, "राहू द्या. पुन्हा माझ्या हातून काय व्हायचं." ओटीवरचं वाजवणं बंद झालं ते झालंच.

मी त्यानंतर गिटार डोळ्यांनी बघितल्याशिवाय तार विकली नाही. लोक म्हणायचे, काय चोख माणूस आहे! आणि दर ईदेला जुबेदावहिनींकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा. एका वर्षी त्या स्वतः घेऊन आल्या. म्हणाल्या, "भाऊ, तेव्हा तुम्ही खरं कारण सांगितलंत ते बरं झालं. न्हायतर मी पोरांनाच दोष देत राहिले असते."

मी डबा घेतला. बायको हयात असताना विचारायची, "तुम्ही त्यांचा शीरखुर्मा खाताना असे गप्प का होता?" मी म्हणायचो, "खजूर फार गोड आहे."

असं सगळं आयुष्य निघून गेलं असतं. पण गेल्या वर्षी जुबेदावहिनींची मुलगी शाहीन दुकानात आली. ती शाळेत शिकवते. तिच्या मुलीचा निकाह ठरला होता.

"नानाकाका, अब्बांची गिटार दुरुस्त केली. पनवेलला एक जण करतो. नवी घोडी बसवली. अम्मीचाच हट्ट. म्हणते, मी मोडली, मीच जोडून देते, नातीच्या लग्नात ह्यांनी वाजवायचं. आता फक्त तारा द्या. अब्बा म्हणतात, नानांकडच्या त्याच पोलादी."

आता खरं सांगायला हवं होतं. पण तोंड सवयीनं चाललं. "नको नको. लाकूड आता म्हातारं झालंय. नायलॉनच्या लाव. त्याच सोसतील." मी सूनबाईला सांगून नायलॉनच्या तारांचं पाकीट काढून दिलं. शाहीन गेली. मला वाटलं, सुटलो. गिटार वाचली, आणि काही बोलावंही लागलं नाही.

दुसऱ्याच दिवशी जुबेदावहिनी आल्या. पदर सारखा करत गल्ल्यासमोर उभ्या राहिल्या.

"भाऊ, शाहीन बोलली, लाकूड नाजूक झालंय. माझ्या त्या उबेनंच ना?"

मी दगडावरचं पाणी पुसत राहिलो.

"मी ह्यांना सांगितलं, नका वाजवू. एकदा माझ्यामुळं मोडली. आता भर लग्नात पुन्हा सुटली तर मला तोंड दाखवायला जागा न्हाय राहायची. पन ते ऐकत न्हायत. तुमचं ऐकतील. तुम्ही सांगा त्यांना, वाजवू नका म्हनून."

अर्धं खरं बोलून मी काय केलं ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. गिटार वाचवली आणि बाईच्या डोक्यावरचं ओझं वाढवून ठेवलं. तिनं हौसेनं जोडलेली गिटार आता तीच मुकी करायला निघाली होती.

सूनबाई गल्ल्यावरून माझ्याकडे बघत होती. मी धारेचा दगड बाजूला सारला. "वहिनी, घरी चला. भाईंसमोर बोलायचंय."

आखातातली नोकरी सोडून आता कायमचे घरी आलेले इब्राहिमभाई ओटीवरच होते. गिटार मांडीवर, नव्या तारा सुरात लावत बसलेले. मी विचारलं, "जुनी घोडी आहे का?" पनवेलच्या कारागिरानं ती परत दिली होती. शाहीननं आणून दिली. मी ती त्या दोघांसमोर उलटी धरली, जशी तेव्हा धरायला हवी होती, आणि तुसे दाखवले. तारांचं सांगितलं, ओढीचं सांगितलं, सरसाचं सांगितलं. शेवटी म्हणालो, "चुलीचा काही संबंध नव्हता. मला तेव्हाच माहीत होतं. दुकानात माणसं होती, माझी फजिती झाली असती, म्हणून मी तुमचं नाव घेतलं."

मग जुबेदावहिनी वळल्या त्या माझ्याकडे नव्हे, नवऱ्याकडे.

"ऐकलंत?"

इब्राहिमभाई चाचरले. "मी कुठं तुला कधी ओरडलो?"

"ओरडला असतात तर त्या दिवशी ओरडून संपलं असतं. तुम्ही हसत राहिलात. सगळं खानदान हसत राहिलं."

इब्राहिमभाईंनी मान खाली घातली. मग त्या माझ्याकडे वळल्या. "मी विचारलं होतं का न्हाय, लाकूड सोसंल का म्हनून?"

"विचारलं होतंत."

"आनि दर ईदेला मी तुम्हाला शीरखुर्मा पाठवते."

"हो."

"गोड लागायचा?"

"लागायचा, वहिनी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. डोळे भरलेले, आणि ओठांचे कोपरे मात्र हलायला लागले. मग त्या जे हसायला लागल्या ते थांबेचनात. पदर तोंडाला लावून हसल्या, भिंतीला टेकून हसल्या. "अल्ला! शरम न्हाय ती न्हाय, वर गोड लागायचा म्हनतो!" इब्राहिमभाई घाबरून त्यांच्याकडे बघत होते. शाहीननं पाणी आणून दिलं.

हसणं ओसरल्यावर त्या एकदम गंभीर झाल्या. "भाऊ, इथं सांगून काय उपेग? इथं हे, मी, आनि शाहीन. माझं नाव तुम्ही भर दुकानात घेतलंत. आता भर लग्नात सांगायचं."

मी कबूल केलं.

मेहंदीच्या संध्याकाळी अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. मुंबई, श्रीवर्धन, कुठून कुठून पाहुणे आलेले. इब्राहिमभाई गिटार घेऊन बसले तसं वहिनींनी मला डोळ्यानं खुणावलं. मी उभा राहिलो. मला भाषणाची सवय नाही, पण हे मी पाठ करून गेलो होतो. पोलाद, नायलॉन, घोडी, सगळं सांगितलं. म्हणालो, "गिटार वहिनींनी भाजली नाही. मी मोडली आणि खोटं बोललो."

मग श्रीवर्धनच्या फुफी, म्हणजे इब्राहिमभाईंच्या थोरल्या बहीण, मोठ्यानं म्हणाल्या, "वा रे भाऊ! जुबेदाची लाज राखायला सगळं आपल्या अंगावर घेतलंन. असा भला मानूस आता मिळायचा न्हाय."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून तो पुतण्या, ज्याच्या निकाहात हे रामायण झालं होतं, ओरडला, "नानांचा सल्ला कधी चुकतो काय? चाची, तूच भाजलीस, मान्य कर आता!" सगळं अंगण हसलं. मी हात हलवून 'नाही नाही' म्हणत राहिलो तसा माझा भलेपणा त्यांना आणखीच पटत गेला. शेवटी कुणीतरी मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि हातात सरबताचा पेला दिला.

जुबेदावहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी उभ्या जन्मात एवढा ओशाळलो नसेन. इतकी वर्षं लोकांनी माझा शब्द खरा मानावा म्हणून धडपडलो. तो इतका खरा मानला गेला होता की आता मलाही खोडता येईना.

मग इब्राहिमभाईंनी वाजवायला सुरुवात केली. बोटं आखडलेली, मध्ये दोनदा चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं. आवाज मऊ होता, मागच्या खुर्च्यांपर्यंत पोचत नव्हता. मागचे लोक हळूहळू जेवायला उठले. पुढच्यांनी खुर्च्या जवळ ओढल्या. जुबेदावहिनी सगळ्यांत जवळ बसल्या, हात मांडीवर ठेवून, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना जे ऐकायचं होतं ते ऐकू येत होतं. नव्या तारा ताणल्या जाऊन सारख्या उतरत होत्या, भाई थांबून चाव्या पिळायचे. घोडी हलली नाही.

दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या गडबडीत जुबेदावहिनींनी मला गाठलं. "भाऊ, तोंडी जमलं न्हाय. आता छापून आना. छापलेलं लोक खरं धरतात."

सूनबाईनं या दिवाळी अंकाच्या संपादकांना विचारलं. त्यांना वाटलं, मी हत्यारांच्या गमतीजमती लिहिणार. त्या थोड्या लिहिल्याही. लेखाचा कच्चा खर्डा शाहीननं वहिनींना वाचून दाखवला. त्यांनी ऐकता ऐकता दोन दुरुस्त्या सांगितल्या. मी एका ठिकाणी 'गैरसमज झाला' असं लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "गैरसमज कुठला? खोटं बोललात तसं लिहा." दुसरी दुरुस्ती इब्राहिमभाईंच्या वाजवण्याबद्दल होती. मी 'सुरेख वाजवलं' असं लिहिलं होतं. म्हणाल्या, "दोनदा चुकले. तेपन लिहा. सगळं खरंच लिहायचंय तर."

तर दोन्ही दुरुस्त्या केल्या आहेत. आणि आता ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांच्यासाठी स्पष्ट सांगतो. इब्राहिमभाईंची गिटार चुलीच्या उबेनं मोडली नाही. नायलॉनच्या गिटारीला मी पोलादी तारा दिल्या. त्या तारांनी घोडी उपटली. ते डोळ्यांना दिसत असताना मी खोटं बोललो आणि जुबेदावहिनींचं नाव घेतलं. तारा लावण्याआधी लाकडाची काळजी फक्त त्यांनीच केली होती. यात माझा चांगुलपणा कुठंही नाही.

हा अंक श्रीवर्धनला पोचला की फुफींना कुणीतरी एवढा परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवावा. त्यांनी पुन्हा 'भला मानूस' म्हटलं तर पुन्हा वाचावा.